जुना ट्रक घेऊन वांद्र्याला

काल आम्ही मित्र आमचा नव्याने सजवलेला जुना टाटा-मर्सिडीज ट्रक कळंबोलीहून वांद्रे-कुर्ला संकुलातील वाहन प्रदर्शनाला घेऊन गेलो. पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळे वाशीचा खाडीपूल ओलांडेपर्यंतच चालवणाऱ्याचे खांदे भरून आले. शेजारी बसून सूचना देणारे मात्र ताजेतवाने होते.

टाटा आणि मर्सिडीज बनवणारी डेमलर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ या काळात चालले, त्यामुळे पुढच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तो तारा खरा आहे की हौसेने लावलेला, असे जवळजवळ प्रत्येकाने विचारले. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे भान ठेवून आम्ही इंजिन आणि चेसिस मूळचेच ठेवले आहे. सारी हौस रंगकामात फेडली. फाळक्यावरचे मोर पेंटरकाकांनी हाताने रंगवले असून, पिसाऱ्यातील प्रत्येक डोळ्याभोवती केसाएवढी पिवळी रेघ आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र मुद्दाम टाळले, कारण राज्य सरकारने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. मला ती बंदी योग्यच वाटते.

एका निवृत्त चालककाकांनी बोनेट उघडायला लावून बराच वेळ इंजिन न्याहाळले आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलण्याचा सल्ला दिला. पुढच्या महिन्यात ते काम करून घेऊ.