गावाचे नावही गेले

“ते लोक गेले, आणि जाताना गावाचे नावही घेऊन गेले,” मोरोक्कोतील अल जदीदाच्या तटाखाली फाटके जाळे सांधत बसलेले वृद्ध कोळी म्हणाले. पायाच्या अंगठ्यात अडकवलेला निळा दोरा त्यांनी क्षणभरही सैल सोडला नाही.

पोर्तुगिजांच्या काळात माझागाओ नावाचे असलेले हे गाव १७६९ मध्ये सुलतानाच्या वेढ्यामुळे रिकामे झाले, आणि इथल्या कुटुंबांना लिस्बनमार्गे थेट ब्राझीलच्या ॲमेझॉन प्रदेशात नेऊन त्याच नावाचे नवे गाव वसवण्यात आले.

मी वसईचा. १७३९ चा चिमाजी आप्पांचा पोर्तुगिजांवरचा विजय आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ आहे, परंतु त्या दिवसांत किल्ल्यातून कायमची बाहेर पडलेली माणसे माझ्या मनात कधीच आली नव्हती.

त्यांनी सोबत काय नेले असेल?