पाठीवरून निवडलेले मासे

दर्यापूर तालुक्यातल्या त्या वाड्यावर मी पोचलो तेव्हा समुद्री माशांची टाकी बांधून तयार होती. पडवीत अडीच फूट उंचीचा कठडा, आत सहा बाय चार फुटांची फेरोसिमेंटची टाकी, आतून फायबरचं अस्तर. काच कुठेच नाही. आल्यागेल्यानं कठड्याला हात टेकून वरून पाहायचं. पाणी वीस इंच भरायचं, म्हणजे सुमारे १,१३० लिटर, आणि मागच्या खोलीतल्या संपमध्ये, म्हणजे जोडटाकीत, आणखी पावणेदोनशे. घरमालक भाऊंनी मोबाइलवर माशांची यादी काढून ठेवली होती : पावडर ब्लू टँग, एम्परर एंजल, दोन जातींचे बटरफ्लाय, लायनफिश, समुद्रघोडे. प्रत्येक नावासोबत फोटो होता आणि प्रत्येक फोटो बाजूने काढलेला होता.

अडचण तिथेच होती. अशा टाकीत मासा आपली कूस दाखवत नाही, दिसते ती पाठ. टँग, एंजल, बटरफ्लाय हे सगळे पराती उभ्या धराव्यात तसे चपटे. रंगांची सगळी उधळण कुशीवर. शिवाय बहुतेक समुद्री माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, ते वरून पाहणाऱ्या पक्ष्याला दिसू नयेत म्हणूनच. आपण नेमके त्या पक्ष्याच्या जागी उभे राहणार.

पण यादीआधी पाण्याचा विषय निघाला. भाऊंची आई म्हणाली, "आमच्या बोरचं पानी आधीच खारं हाये ना दादा, मंग इकतचं मीठ कायले?"

हा प्रश्न खारपाणपट्ट्यात कुणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. बोरचं पाणी मोजलं तर टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, २,८०० आला. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,०००. नुसत्या खारटपणाचाही प्रश्न नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० च्या वर कॅल्शियम ठरावीक प्रमाणात असतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भूजलाचा क्षार वेगळाच, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेटचा जोर. त्यावर मीठ टाकलं तर प्रमाण आणखी बिघडतं. म्हणून नळयोजनेचं गोडं पाणी घ्यायचं, ते आरओतून आणि पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढून टीडीएस शून्यावर आणायचा आणि मगच त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ विरघळवायचं. १,३०० लिटरला साधारण ४८ किलो लागतं. खारटपणाचं मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरने करायचं, साधा टीडीएस मीटर त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

समुद्रघोडे मी तिथेच खोडले. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आले. ते विकत घेणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. प्रवाळाचे नकोत म्हणून दगडही सिरॅमिकचेच घ्यायचे ठरले.

बाकीच्या यादीवर बोलत बसण्यापेक्षा दुपारी भाऊंना आणि त्यांच्या आईला अमरावतीला आणलं. आमच्या क्वारंटाइनच्या, म्हणजे नवे मासे वेगळे ठेवायच्या, खोलीत मुंबईहून आलेले मासे चौथ्या आठवड्यात होते. एक पांढरा टब घेतला, दोन फूट रुंदीचा. त्याच टाकीचं पाणी फूटभर भरलं, बुडबुडे सोडणारा एअरस्टोन बंद केला आणि एकेक मासा प्लास्टिकच्या डब्याने उचलून टबात सोडला. जाळी वापरायची नाही. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा काटा असतो, तो जाळीत अडकला की मासाही फाटतो आणि जाळीही. एका माशाला टबात पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पावडर ब्लू टँग कुशीवरून आकाशी. टबात वरून दिसली ती काळपट कांडी आणि पाठीवरच्या पराची पिवळी रेघ. आई वाकून पाहत म्हणाली, "हे त काडी दिसते वं माय." भाऊंनी मोबाइलवरचा फोटो काढला, टबाशेजारी धरला आणि मुकाट्याने खिशात ठेवला.

मग क्लाउनफिशची जोडी सोडली. नारिंगी अंगाला पांढरे पट्टे पाठीवरून वळसा घालून जातात, त्यामुळे वरूनही तो तोच मासा दिसतो. शिवाय ती एका जागी डुलत राहते, हातभर अंतरावर. ही कुंडात पैदास केलेलीच घ्यावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) आपल्याकडे त्याचं तंत्र बसवलेलं आहे आणि अशी पिल्लं टाकीत आणल्या दिवसापासून दाणा खातात. त्यानंतर हिरवट निळ्या क्रोमिसचा थवा. त्यांची पाठच चमकते, आणि सगळे एकदम वळले की टबाच्या तळावर सावल्याही वळतात. व्हॅलेंटिनी पफरच्या पाठीवर गडद खोगिरं असतात, जणू वरून पाहण्यासाठीच रंगवलेली. तो दुसऱ्यांचे पर कुरतडू शकतो, म्हणून एकच घ्यायचा आणि सगळ्यांत शेवटी सोडायचा. पिवळा वॉचमन गोबी वाळूवर बसून वरच्या बाजूला डोळे रोखतो.

लायनफिश वरून सगळ्यांत देखणा, यात वाद नाही. छातीचे पर पसरले की पंखाच उघडतो. पण पाठीचे काटे विषारी, टाकी उघडी आणि घरात लहान मुलं. क्रोमिसही त्याच्या तोंडात मावतात. तो मी देणार नाही असं सांगितलं. मँडरिन मासा पाठीवरून गालिचासारखा दिसतो, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत जगतो. नव्या टाकीत ते नसतात आणि दोनेक महिन्यांत तो वाळतो. वर्षभराने पाहू.

टबाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. डोक्यामागे पाठ भरलेली हवी. तिथे खळगा पडून कणा धारेसारखा वर आला असेल तर मासा उपाशी आहे, काचेतून तो कितीही रंगीत दिसो. दोन्ही कल्ले सारखे उघडताहेत ना तेही वरूनच नीट कळतं. आणि खाताना पाहिल्याशिवाय मासा घेऊ नये. त्या दिवशी सातातला एक क्रोमिस मी याच कारणाने बाजूला काढला.

शेवटी ठरलं ते असं : सहा क्रोमिस, क्लाउनची जोडी, एक व्हॅलेंटिनी, एक गोबी. दहाच मासे. उघड्या पडवीत, मे महिन्यात ४५ अंशांची हवा असताना पाणी २६ वर ठेवायचं आहे. गर्दी केली तर ऑक्सिजन आधी संपतो. लाइट गेली की चार तासांतच फरक पडतो, म्हणून संपमधलं पाणी टाकीत परत आणणारा रिटर्न पंप डीसीचा, बॅटरीवर चालणारा. पाणी थंड करणारा चिलर पडवीत नको, स्वतःच्याच गरम हवेत तो गुदमरतो. उत्तरेच्या भिंतीबाहेर सावलीत बसवायचा. एक सेंटिमीटर पाणी उडालं की २२ लिटर गेले, आणि क्षार तेवढेच मागे राहतात. भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नाही.

तळ फिका, भिंती गडद. वरून सावली पडली की माशाला बगळाच आठवतो, म्हणून एक तृतीयांश तळावर पुढे आलेले दगड, आत दडायला जागा. प्रवाह उठवणारा वेव्हमेकर एका टोकाला, आणि पाहायच्या टोकाला पीव्हीसीची दोन फुटी तरंगती चौकट, तिच्यात पाण्याला टेकलेलं पारदर्शक ॲक्रिलिक. त्याखाली लहर दिसत नाही. शेवाळ मात्र रोज पुसावं लागतं. दिवा तिरका लावायचा, नाहीतर पाण्यात दिवाच दिसतो. पाण्याची पातळी कठड्यापासून खाली आणि रात्री पूर्ण टाकीवर ६ मिलिमीटरची जाळी. गोबी पहिल्याच आठवड्यात उडी मारू शकतो.

निघताना भाऊंनी विचारलं, "बदललेलं पानी वावरात सोडलं त चालते का?"

अजिबात नाही. दर पंधरवड्याला १३० लिटर बदलायचं, म्हणजे पावणेपाच किलो क्षार. वर्षाला सव्वाशे किलोच्या घरात. काळ्या चिकण मातीत सोडियम गेलं की ती फुगते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड होते. हे त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला मी काय सांगणार, भाऊ स्वतःच मान हलवत होते. गोठ्यामागे मुरमाची जागा आहे. तिथे दहा बाय दहा फुटांचं उथळ आळं करून जाड प्लास्टिक अंथरायचं. १३० लिटर पसरले तर दीड सेंटिमीटरही थर होत नाही, उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकतो. मीठ खरवडून पोत्यात भरायचं. पावसाळ्यात ते सुकणार नाही, म्हणून पाचशे लिटरचे दोन झाकणाचे ड्रम आधीच आणून ठेवा म्हटलं, आणि त्यांनी ते यादीत माशांच्या वर लिहिलं.