आकाशगंगेतले कारकून

१९७७ साली 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला पडद्यावर पिवळी अक्षरं वर वर सरकत गेली. बंडखोर हेरांनी साम्राज्याच्या महाअस्त्राचे गुप्त आराखडे पळवलेत, असं त्यात होतं. कुणी पळवले, कसे, हे सांगायला सवड नव्हती. त्या ओळीवर २०१६ मध्ये 'रोग वन' हा आख्खा सिनेमा निघाला. मग त्यातल्या एका हेराचं मागचं आयुष्य सांगायला 'अँडोर' ही २४ भागांची मालिका.

आता यात धंदा आहे, हे न कळण्याइतकं कुणी भोळं नाही. तरी 'अँडोर'पुढे मी हात टेकले. सिनेमात साम्राज्य म्हणजे पांढऱ्या चिलखतातले, हमखास नेम चुकणारे सैनिक. मालिकेत ते चक्क ऑफिस आहे. कुठला विभाग कुणाच्या हद्दीत येतो, यावरून अधिकारी बैठकीत एकमेकांचे पाय ओढतात. सिरिल कार्न हा शिस्तीचा भोक्ता नोकरी घालवून आईकडे परततो आणि ती माउली त्याला न्याहारीच्या टेबलावर सोलून काढते. जुलमी राजवटीचा हा एकनिष्ठ सेवक खाली मान घालून आईची बोलणी खातोय, हे सुख दोन तासांच्या सिनेमात कुठून मिळणार?

आणि बंडखोरांची नेता मॉन मॉथ्मा! १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ही बाई हल्ल्याची योजना सांगते आणि जाते. मालिकेत तिच्या डोक्यावर ४ लाख क्रेडिट्सचा (हे तिथलं चलन) बोजा आहे. बंडाला गुपचूप दिलेला पैसा हिशेबात दाखवायचा कसा? मदतीला येतो एक संशयास्पद सावकार. त्याला व्याज नको, दलाली नको. त्याच्या मुलाची आणि तिच्या मुलीची भेट घालून द्यावी, एवढंच. क्रांती सोयरिकीवर येऊन अडते. लेझरच्या तलवारींपेक्षा हा प्रसंग मला जास्त थरारक वाटला.

पण जागा मिळाली म्हणून भरत सुटायचं नसतं. बोबा फेट हा इनामासाठी माणसं पकडणारा शिकारी जुन्या सिनेमांत मोजकंच बोलायचा, हेल्मेट काढायचा नाही, म्हणून त्याचा दरारा. 'द बुक ऑफ बोबा फेट'मध्ये त्याला इतकं बोलतं केलं, त्याचा भूतकाळ इतका उलगडला, की दराराच संपला. शिवाय एकूण ७ भाग, आणि त्यातल्या दोन भागांत मँडलोरियन, म्हणजे दुसऱ्याच मालिकेचा नायक, पुढे. स्वतःच्या नावाच्या मालिकेत पाहुण्यानं एवढं ताट संपवावं, म्हणजे कमाल झाली.