मोती कुणाकडे बघतो

रविवार. दुपारचे तीन. पंखा नुसता गरम वारा फेकतोय.

छोटीचा कालचा प्रश्न डोक्यातून जात नाही. टीव्हीवर 'तेरी मेहरबानियाँ' लागला होता, १९८५ चा. जॅकी श्रॉफ गेलेला, त्याचा कुत्रा मोती एकटा, आक्कांचा पदर डोळ्यांना. आणि ही मधेच म्हणते, "तो त्याच्याकडं बघतच नाहीये की! तिकडं कुणाकडं बघतोय?"

उत्तर माहीत होतं, म्हणून तर राग आला.

सिनेमातला कुत्रा बहुतेक वेळा शिकवणाऱ्याकडे बघत असतो. त्या माणसाच्या मुठीत उकडलेल्या चिकनचा तुकडा असतो, शेंगदाण्याएवढा. त्याहून मोठा असला की कुत्रा चावत बसतो आणि शॉट जातो. शिकवणारा हुशार असेल तर नटाच्या खांद्यामागेच उभा राहतो, म्हणजे कुत्रा नटाच्या डोळ्यांत बघतोय असं वाटतं. दोन पावलं बाजूला सरकला की छोटीसारखं कुणीतरी पकडतंच.

शोक शिकवायचा म्हणजे हनुवटी जमिनीला टेकवायला शिकवायची. जमिनीवर घडी घातलेलं फडकं ठेवायचं, हनुवटी त्याला लागली की लगेच तुकडा. आधी एक सेकंद, मग पाच, मग तीस. मग शिकवणारा एकेक पाऊल लांब जातो, शेवटी दिवे आणि माणसांची गर्दी. एका वेळी दहा मिनिटं पुरे. चूक एकाच जागी होते. कुत्र्यानं डोकं वर केल्यावर तुकडा दिला की तो डोकं वर करायलाच शिकतो. आणि दोघांनी मिळून हुकूम सोडले की तो कुणाचंच ऐकत नाही. मूकपटांच्या काळी ओरडून सांगता यायचं. १९१८ साली फ्रान्सच्या रणभूमीवर सापडलेला रिन टिन टिन हा कुत्रा त्याच काळात मोठा झाला. बोलपट आले आणि हुकूम हाताच्या खुणांवर आले.

सगळं कळतं. तरी काल घसा दाटला होता. कशावर? फडक्यावर टेकलेल्या हनुवटीवर?

आणि ते डोळ्यांतलं पाणी. दुःखानं कुत्र्याच्या गालावर आसवं ओघळत नाहीत. ओघळत असतील तर डॉक्टरला डोळा दाखवावा. हे आक्कांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, कोण जाणे.

१९४३ च्या सिनेमातली लॅसी ही कुत्री तरी कुठे लॅसी होती? तो पाल नावाचा, कोली जातीचा नर कुत्रा. माद्यांचे केस हंगामात फार गळतात, नराचा कोट भरगच्च राहतो, म्हणून नर. पालनं नदी पोहून पार केली, बाहेर आला आणि अंग न झाडता तसाच कोसळला. लोक पोहण्याचं कौतुक करतात. ओल्या कुत्र्याला अंग झाडू न देणं ही खरी कमाल. घरी एकदा करून बघा.

शेपटीचं तर विचारूच नका. मारामारीत दात विचकलेले, गुरगुर नंतर भरलेली, आणि मागं शेपूट आनंदानं हलतेय, कारण त्याच्या लेखी तो खेळ आहे. मग कॅमेरा पुढूनच लावतात.

म्हणजे आपण इतकी वर्षं फसत आलो. बरं, खऱ्या कुत्र्यांकडे जावं तर तिथंही तेच. हाचिको १९२५ मध्ये मालक गेल्यापासून १९३५ पर्यंत जपानातल्या शिबुया स्टेशनवर वाट बघत राहिला. मेल्यावर त्याच्या पोटात चार काड्या निघाल्या, यात्रेत मिळतात तसल्या भाजलेल्या कोंबडीच्या. येणारे-जाणारे खाऊ घालायचे. तेव्हा काही जण म्हणालेच, हा मालकासाठी नाही, खाण्यासाठी येतो.

इथं मात्र मला हसू आलं. दहा वर्षं रोज वाट बघणाऱ्यानं जेवायचंसुद्धा नाही की काय? आक्का सोळा सोमवार करतात, साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेतात. त्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेत नाही.

युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा तर शेवटी यमधर्मच निघाला. म्हणजे सोंग तिथंही होतंच! एकटा पंढरपुरातला तो कुत्रा सरळ. नामदेवांची पोळी उचलली आणि पळाला. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. मागून तुपाची वाटी घेऊन धावला तो माणूस.

त्या गोष्टीत कुत्रा कुणाकडे बघत होता, हे कुणी विचारत नाही.

कदाचित मी उगाच चिडचिड करतोय. तुकड्याकडे बघणारा कुत्रा खोटं बघत नसतो. तितकं लक्ष लावून माझ्याकडे घरातलं कोण बघतं, हा वेगळाच विषय. तो नको.

छोटीला शेवटी सगळं सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. ती फडकं शोधायला गेली. आता आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला हनुवटी टेकवायला शिकवायचं ठरलंय. चिकन घरात चालत नाही, तर पनीर, शेंगदाण्याएवढं. ऊन उतरल्यावरच, सातनंतर, फरशीवर. गच्ची तोपर्यंत तापलेलीच असते. बेदाणे द्यायचे नाहीत, आणि आक्कांनी कौतुकानं भाकरीबरोबर शेंगाचटणी चारायची नाही. तिच्यात लसूण असतो.