पार्टीला जादूच्या वस्तू किती द्याव्यात?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळातले नवे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) हमखास विचारतात: पाचव्या लेव्हलच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, +१ तलवार (हल्ल्याच्या फेकीत आणि नुकसानात एकेक वाढवणारी जादूची तलवार) दिली तर खेळ बिघडेल का? तलवारीनं सहसा बिघडत नाही, ढालीनं बिघडतो. कसं ते आकड्यांनिशी सांगतो. आकडे या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत.

आधी तलवार. समजा, फायटरला (लढवय्या पात्राला) डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के. १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा, अधिक ३) ची सरासरी ७.५, तेव्हा दर वाराला साधारण ४.९ नुकसान. +१ तलवारीनं ते ५.९५ होतं, म्हणजे बावीस टक्के वाढ. राक्षसाचे चार-पाच हिटपॉइंट (तो किती मार सोसतो तो आकडा) वाढवले की हिशेब जुळतो. (गार्गॉइल या राक्षसासमोर मात्र गोष्ट वेगळी. साध्या पोलादाचा मार त्याला अर्धाच लागतो, तिथे जादूची तलवार दुपटीहून जास्त काम करते. पार्टीत ती एकाकडेच असेल तर बाकीचे जांभया देतात.)

आता चिलखत. प्लेट या पूर्ण पोलादी चिलखताचा एसी (आर्मर क्लास: डी२० ची फेक अधिक हल्ल्याचा अंक एवढा भरला तरच वार लागतो) १८, ढालीचे २, ढाल +१ असली तर आणखी १. क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन या जादूच्या झग्याचा आणि अंगठीचा एकेक, फायटरच्या डिफेन्स फायटिंग स्टाइल या कौशल्याचा एक. झाले २४, आणि यातली एकही वस्तू रेअरिटीत, म्हणजे दुर्मिळतेत, रेअर या पायरीच्या वर नाही. ओगर या राक्षसाचा हल्ला +६. एसी १८ वर तो ४५ टक्के वेळा लागतो, १९ वर ४०. मार एक नवमांशानं घटला. पण २३ वरून २४ वर गेलात की २० चे १५ टक्के होतात, म्हणजे तोच एक अंक पाव मार कापतो. एसीचा प्रत्येक पुढचा अंक आधीच्यापेक्षा महाग असतो, आणि वस्तूंची किंमत ठरवताना हे कोणी धरत नाही.

इथे डीएम चूक करतो ती अशी: वैतागून राक्षसांचा हल्ला +१० करतो. चिलखतवाल्याला तो ३५ टक्के लागतो, आणि शेजारच्या एसी १३ च्या विझार्डला (जादूगाराला) ९०. शिक्षा भलत्यालाच! त्यापेक्षा एसीला वळसा घाला. फायरबॉल या मंत्राला डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईवर बचावाची फेक) लागतो, होल्ड पर्सन या मंत्राला विझ्डम सेव्ह (शहाणपणावर), आणि प्लेटवाले बहुधा दोन्हींत कच्चे असतात. पण प्रत्येक लढाईत असं केलंत तर ढाल मिळवल्याचा आनंदच जातो. तीनांपैकी एखाद्या लढाईत पुरे.

रेअरिटीच्या लेबलावर फार विसंबू नका. ब्रूम ऑफ फ्लाइंग, म्हणजे उडता झाडू, अनकॉमन (रेअरच्या खालची पायरी) आहे, +१ तलवारही अनकॉमन. पण झाडूला अट्यूनमेंट (वस्तू वापरण्याआधी तिच्याशी पात्राला जोडून घेणं) लागत नाही, वेग ५० फूट, आणि वर बसलेल्याकडे लाँगबो (लांब धनुष्य) असला तर खालचं अस्वल नुसतं वर बघत राहतं. ओगरचा भाला १२० फुटांपलीकडे जात नाही, लाँगबो ६०० पर्यंत मारतो. खंदक, दरी, किल्ल्याची भिंत, सगळे अडथळे एका वस्तूनं संपतात. द्यायचाच असेल तर आधी ठरवा, की तुमच्या मोहिमेत भिंती कितपत महत्त्वाच्या आहेत.

अट्यूनमेंटची मर्यादा एका पात्राला तीन वस्तूंची. ती कधीही सैल करू नका, खेळाडू कितीही गोड बोलले तरी. पहिल्या चार लेव्हलना संपणाऱ्या वस्तू द्या: पोशन, स्क्रोल, फार तर वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स ही जादूची कांडी. तिचे ७ चार्ज (वापर) असतात, पहाटे १डी६+१ परत येतात. शेवटचा चार्ज वापरून डी२० वर १ पडला तर कांडीची राख होते, आणि टेबलावर त्या फाशाइतकी शांतता दुसऱ्या कशानं होत नाही.

आणि एखादी वस्तू जड झालीच तर चोर पाठवून पळवू नका, खेळाडू ते ओळखतात आणि पुढची दोन सत्रं चोराच्या मागे घालवतात. सत्राच्या आधी बाजूला घेऊन सरळ सांगा: 'हे माझ्याकडून जास्त झालं, बदल्यात दुसरं काय हवं?'