चौतीस गुंठे आणि आत्याचा अंगठा

जमीन विकायची म्हणजे गिऱ्हाईक शोधायचं, भाव ठरवायचा आणि सही करायची, असं मी डोंबिवलीत बसून धरून चालले होते. बाबा गेल्यावर वाई तालुक्यातली चौतीस गुंठ्यांची जिराईत आई आणि मी काही कसणार नव्हतो. 2023 च्या जूनमध्ये सातबारा काढला आणि वाईतल्या वकीलबाईंसमोर ठेवला. त्यांनी गिऱ्हाइकाचं नावसुद्धा विचारलं नाही. पेन्सिलीने चार ठिकाणी गोल केले आणि म्हणाल्या, "आधी हे निस्तरू. विकायचं नंतर बघू."

पहिला गोल बाबांच्या नावावर. माणूस गेलेला, तरी नाव तसंच. दुसरा नावापुढच्या 'ए.कु.मॅ.' या अक्षरांवर, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिसरा 'इतर अधिकार' या रकान्यातल्या माझ्या दोन आत्यांवर. आणि चौथा त्याच रकान्याच्या तळाशी, विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, रुपये 1,800.

या अठराशे रुपयांनी जितकं दमवलं तितकं बाकी कशानेच नाही. कर्ज 1983 चं. आजोबांनी ते फेडलेलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण बोजा उतरवायचा अर्ज कुणी केलाच नव्हता. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा कागद आणा, मग तलाठी बोजा कमी करतील. सोसायटीत त्या वर्षाचं रजिस्टर कपाटावरच्या गाठोड्यात निघालं, तिसऱ्या खेपेला. डोंबिवली ते वाई आणि परत, तीन वेळा, अठराशे रुपयांसाठी!

वारस नोंद त्या मानाने सरळ झाली. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर केला. आईचं आणि माझं नाव लागलं.

खरा प्रश्न आत्यांचा होता. चुलतभाऊ म्हणाला, "हक्कसोड करून घे, दोनशेच्या स्टँपात काम होतं." आमच्याकडे हेच चालतं. बहिणीने हक्क सोडायचा, भावाने दिवाळीला साडी द्यायची. वकीलबाईंनी मात्र जुने फेरफार काढून दाखवले. जमीन वडिलोपार्जित नव्हतीच. आजोबांनी 1961 साली स्वतः खरेदी केलेली, ते गेले 1987 ला, आजी त्यांच्या आधीच गेलेली. म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिन्ही भावंडांचा सारखा वाटा. बाबांच्या नावापुढचं मॅनेजरपण कुणीतरी सवयीने चिकटवलेलं. "त्या हक्क सोडू शकतात," बाई म्हणाल्या, "पण काय सोडतोय ते त्यांना माहीत हवं."

थोरली आत्या 2009 मध्येच गेली, म्हणजे तिची तिन्ही मुलं आली. धाकटीला मी फोन केला, तर तिने एवढंच विचारलं, "माजं नाव हाय व्हय त्यात?" आहे म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मी स्वतः एकुलती एक मुलगी. माझ्या बापाचं मला मिळावं आणि तिच्या बापाचं तिने सोडावं, हे मला काही जमेना. तीन वाटे करायचे ठरलं. आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, ते असो.

एवढं झाल्यावर गिऱ्हाईक. पहिला आला पुण्याचा, संगणकातला, पैसे तयार. पण घरात कुणाच्या नावावर एक गुंठाही शेती नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, तो तिथेच गळाला. दुसऱ्याला बंगल्यापुरते पाचच गुंठे हवे होते. तुकडेबंदीत जिराईत वीस गुंठ्यांच्या खाली तोडता येत नाही, तोही गेला. शेवटी शेजारच्या गावच्या हळदवाल्या शेतकऱ्याने अख्खा गट घेतला, गुंठ्याला ऐंशी हजार. एकूण 27 लाख 20 हजार.

मोजणीला भूकरमापक आले तेव्हा बांध शेजाऱ्याने दोन हात आत घेतलेला निघाला. तो मात्र म्हणे, बांधच सरकला. हद्दीच्या खुणा रोवल्या, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली, भांडण हळदवाल्याने गोडीत मिटवलं.

आता खर्च. मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी घेणाऱ्याची, जाहीर नोटीसही त्याच्या वकिलाने दिली. माझ्याकडून वकीलबाईंना गेले पस्तीस हजार, आठ महिन्यांचे. एजंटाने दोन टक्के मागितले, एकावर आणला, तरी 27,200. त्याने केलं काय, तर एक फोन आणि दोन चहा. वर सल्ला, "निम्मे रोखीत घ्या." वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, हे त्याला बाईंनी सांगितलं. सीएचे पाच हजार मात्र वसूल. सगळे घाबरवत होते की आयकरात पाचवा हिस्सा जाईल. जमीन वाई नगरपालिकेच्या हद्दीपासून नऊ किलोमीटरवर. एक लाख लोकवस्तीच्या आतल्या गावाला दोन किलोमीटरची मर्यादा, त्यापलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ताच धरत नाहीत. कर शून्य.

फेब्रुवारी 2024, दुय्यम निबंधक कार्यालय. सगळ्यांचे फोटो, अंगठे झाले. आत्याचा उठेना. सत्तर वर्षं भांगलून, राख लावून भांडी घासून बोटांवर रेघच उरली नव्हती. ओला रुमाल झाला, सुका झाला. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "आजी, अंगठा जरा केसांवर घासा." आत्याने पदर मागे सारला, तेल लावलेल्या पांढऱ्या केसांवरून अंगठा फिरवला, परत काचेवर दाबला. पाचव्या वेळेला हिरवा दिवा लागला. "लागला का? परत बगा," असं तिने दोनदा विचारलं.

महिन्याभराने पंधरा रुपये भरून सातबारा उतरवून घेतला. आमच्या नावांना कंस पडलेला, म्हणजे ती रद्द. सात महिने होतं माझं नाव तिथे. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आन् माजं? मलाबी कंस केला का?" केला म्हटलं. मग तिने कंस म्हणजे नक्की कसला असतो ते विचारून घेतलं आणि त्या कागदाची एक झेरॉक्स पाठव म्हणाली.