तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा ऐकतच नसेल तर?

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलाय. "समोरचा ऐकतच नसेल, तर तुमच्या वाटाघाटी काय कामाच्या?" पाठोपाठ १९३८चं म्युनिक येतंच, म्हणजे युद्ध टाळायला ब्रिटन-फ्रान्सने हिटलरशी केलेला आणि युद्ध टाळू न शकलेला करार. पण तिथे ज्याचा मुलूख तोडून हिटलरला दिला, त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत बसूसुद्धा दिलं नव्हतं. त्याला मी वाटाघाटी म्हणत नाही.

एका प्रश्नाने मात्र माझी बोलती बंद केली होती. त्या दिवशी मी डेटन करार शिकवत होते, बोस्नियातलं सर्ब, क्रोएट आणि मुस्लिमांमधलं युद्ध संपवणारा. फार जीव ओतून शिकवायचे मी तो. नोव्हेंबर १९९५, अमेरिकेतला एक हवाई तळ, नकाशांवर एकवीस दिवस चाललेली ओढाताण. शेवटी म्हणाले, "बघा, बोलण्याने युद्ध थांबलं." मागच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, जुलैनंतर तुम्ही एकदम नोव्हेंबर सांगितलात. मधलं?"

मी हातातल्या टिपणाकडे पाहिलं. जुलै, स्रेब्रेनिका. खालच्या ओळीत नोव्हेंबर, डेटन. ऑगस्टच्या शेवटी 'नाटो'ने बोस्नियातल्या सर्बांच्या ठाण्यांवर बॉम्बफेक सुरू केली, ती तीन आठवडे चालली. मला हे माहीत होतं. मी ते लिहिलंच नव्हतं. आणि स्रेब्रेनिका हे बोस्नियातलं मुस्लिमांचं गाव तर संयुक्त राष्ट्रांनीच १९९३मध्ये सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं. त्या शब्दावर विसंबून राहिलेल्यांपैकी आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे त्या जुलैत सर्ब फौजांनी मारले. संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे डच सैनिक तिथेच होते. मी "वेळ झाली" म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले. त्याची लाज अजून जात नाही.

म्हणून मी बाजू बदलली का? नाही. अर्जेंटिना आणि चिलीचं उदाहरण घ्या. वाद होता दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, बीगल खाडीच्या तोंडावरच्या तीन बेटांचा. लवादाने १९७७मध्ये ती चिलीला दिली, अर्जेंटिनाने निकाल धुडकावला. डिसेंबर १९७८मध्ये फौजा निघण्याच्या बेतात होत्या. दोन्हीकडे लष्करशहा, म्हणजे 'न ऐकणारे'च. पोपनी कार्डिनल सामोरे यांना पाठवलं. पुढे सहा वर्षं कंटाळवाणी, चिवट बोलणी झाली. १९८४मध्ये करार झाला. बेटं चिलीकडेच राहिली आणि युद्ध झालंच नाही. सामोरे तो करार पाहायला राहिले नाहीत, आदल्याच वर्षी गेले. न झालेल्या युद्धाचं स्मारक कोणी बांधत नाही, मग तुम्हाला ते आठवणार तरी कसं?

पूर्वीची मी इथेच थांबले असते, जिंकल्यासारखी. पण चिली-अर्जेंटिनामध्ये कुणाला कुणाचा वंश संपवायचा नव्हता. बोस्नियात होता. हा फरक मला बुजवता येत नाही. त्याच वेळी, बॉम्ब पडल्यावरही नकाशावरची रेघ टेबलावर बसूनच ओढावी लागली, हेही मी सोडणार नाही.

टिपणात आता ऑगस्टची ओळ आहे. ती वाचली की वर्ग गप्प होतो, आणि त्यापुढे काय बोलायचं ते दरवर्षी मला नव्याने शोधावं लागतं.